मामाच्या शेतातला वीतभर गाळ

कोल्हापूरहून सकाळची एसटी धरली तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपड्यांचे दोनच जोड होते. बाकी सगळं कामाचं सामान: स्टेनलेस स्टीलचा हाताने फिरवायचा ऑगर (माती काढायचं गिरमिट), आंबटपणा मोजायचा पीएच मीटर, विरघळलेले क्षार मोजायचा ईसी मीटर, प्लॅस्टिकची खुरपी, धुऊन वाळवलेल्या बाटल्या, पॉलिथिनच्या पिशव्या आणि पेन्सिली. पेन्सिली अशासाठी, की ओल लागली की पेनाची शाई पसरते आणि मग कुठली माती कुठली ते देवालाही सांगता येत नाही. ऑगरचं टोक पिशवीबाहेर डोकावत होतं. आंबोली घाट उतरताना कंडक्टरने विचारलं, "काय ओ, बोअर मारायला निघालाय काय?"

निघालो होतो मामाच्या गावाला, डिचोली तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे एकाच आळीत लोहखनिजाची खाण सुरू व्हावी म्हणणारे आणि होऊ नये म्हणणारे शेजारी-शेजारी राहतात, आणि मला पुढच्या वर्षीही आंबे खायला जायचं आहे.

मामाचा निरोप एका ओळीचा होता. दादाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, पडीक शेत पुन्हा कसायचं आहे; तर त्या मातीत पिकेल का आणि पिकलेलं खाल्लं तर बाधेल का, एवढं येऊन सांग. मी माती परीक्षणात अकरा वर्षं आहे, पण ती उसाच्या मातीत. नत्र, स्फुरद, पालाश काढून खताचा डोस लिहून द्यायचा, हे आमचं रोजचं काम. "बाधेल का" असं आमच्याकडे कुणी विचारत नाही.

पहिला दिवस

सावंतवाडीहून दोडामार्ग, पुढे अस्नोडा, मुळगाव. लहानपणी मे महिन्यात या रस्त्याला लागलं की झाडं लाल दिसायची. आंब्याची, काजूची, सगळी पानं एका रंगाची. ट्रकांची रांग संपायची नाही आणि घरी पोहोचेपर्यंत शर्टाची कॉलर गेरू लावल्यासारखी व्हायची. 2012 साली आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. मध्ये थोड्या चालल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 लीज रद्द केली. पुढे लिलाव झाले आणि 2024 मध्ये डिचोली पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झालं. यंदा पानं अजून हिरवी होती, पण रस्त्याच्या कडेची माती मात्र ओळखीची वाटली.

मामीने आल्या आल्या चहा दिला. चहा काळपट जांभळा. "आमचा चहा असाच," मामी म्हणाली. "डिचोलीहून पाणी आणून केला तर बरा रंग येतो." मी पिशवीतून मीटरही काढला नव्हता आणि पहिली चाचणी झाली होती. पाण्यात विरघळलेलं लोह असलं की चहातल्या टॅनिनशी मिळून तो काळा पडतो. खेड्यात पेरूचा पाला चुरून पाण्यात टाकतात, तोही याच कारणाने जांभळा होतो.

संध्याकाळी मामांना घेऊन बसलो. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी शेताचा नकाशा काढला. वर मोरडाची, म्हणजे चढावरची जमीन, तिथे काजू आणि झरीजवळ छोटं कुळागर, म्हणजे बागायत. मध्ये दोन कुणगे, म्हणजे भाताचे वाफे. सगळ्यात खाली व्हाळाला, म्हणजे ओढ्याला लागून ते शेत, ज्यात आजोबा पावसाळी पिकानंतर वायंगणही, म्हणजे दुसरं भातही घ्यायचे. व्हाळ येतो डंपच्या पायथ्याकडून. डंप म्हणजे खनिजावरची काढून टाकलेली माती. एक टन खनिजामागे अशी दोन-अडीच टन तरी बाजूला टाकावी लागते, आणि ती टाकतात डोंगराच्या उतारावर. पावसाळ्यात ती खाली येणार नाही तर काय करणार.

"पाणी कधी बदललं?" मी विचारलं. मामांनी सन सांगितला नाही. म्हणाले, "दादान ट्रक घेतला त्या वर्षी."

हे मात्र लिहायला हवं. चीनला माल जायचा त्या तेजीत दादाने कर्ज काढून टिपर घेतला होता. घराचा स्लॅब त्याच पैशातला. खालचं शेत बुडवलं त्या खाणीनेच वरचा मजला उठवला, आणि 2012 नंतर तो टिपर अंगणात उभा राहिला, हप्ते चालू राहिले. त्यामुळे या घरात खाणीला शिव्या घालायच्या तर आवाज थोडा खाली ठेवून.

मग मामांनी लॅमिनेट करून ठेवलेले दोन कागद दाखवले. एक पाण्याचा जुना अहवाल: सर्व घटक मर्यादेत, पाणी पिण्यायोग्य. मी विचारलं, नमुना कुठून घेतला होता? "टेरेसवरच्या टाकीच्या नळाचा." कधी? "चवथीच्या आधी, पाऊस होता." बाटली किती दिवसांनी दिली? "चार-पाच दिवस फ्रीजमध्ये होती, मग तो माणूस घेऊन गेला." म्हणजे पाणी टाकीत निवळलेलं, वर पावसाने पातळ झालेलं, त्यावर आणखी चार दिवस बाटलीत निवळलेलं. विहिरीतून उपसताना लोह विरघळलेल्या रूपात असतं. हवा लागली की त्याचं गंज होऊन तळाला बसतं आणि प्रयोगशाळेत वरचं नितळ पाणी मोजलं जातं. अहवालात एक आकडाही खोटा नव्हता.

दुसरा कागद मृदा आरोग्य पत्रिकेचा. त्यात लोहापुढे लिहिलं होतं: पुरेसे. हे वाचून मला हसू आलं आणि जरा लाजही वाटली, कारण असं "पुरेसे" मी स्वतः हजारदा छापलं असेल. ती चाचणी कमतरता शोधण्यासाठी बनलेली आहे. किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या वर उपलब्ध लोह निघालं की पुरेसे. मग ते वीस असो की दोनशे, पत्रिकेत शब्द तोच.

दुसरा दिवस

सहाला शेतात. आधी वरचे कुणगे. नेहमीची पद्धत: नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा पंधरा सेंटिमीटरचा खड्डा, कडेची एक चकती कापायची, सगळं घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. घमेलंही प्लॅस्टिकचं. लोह मोजायचं असताना लोखंडी फावडं चालत नाही, हे दादाला तीनदा सांगावं लागलं. बांधाजवळची, शेणाच्या ढिगाखालची, झाडाखालची माती घ्यायची नाही.

शेजारच्या एका काकांचं शेत त्याच वहाळीत, पण डंपच्या वरच्या अंगाला आहे. त्यांच्याकडूनही माती घेतली. त्यांना वाटलं मी चुकून त्यांच्या शेतात शिरलो. खरं तर पूर्ण दौऱ्यात सगळ्यात महत्त्वाचा नमुना तोच होता. गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. तो लाखो वर्षं मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम ठेवतो. जांभा बनतो तो असाच. म्हणजे इथली माती जन्मतःच लाल आणि आंबट. कोल्हापूरच्या काळ्या मातीशी तुलना केली तर अख्खा गोवा प्रदूषित ठरेल. तुलना करायची ती त्याच डोंगराच्या, त्याच खडकावरच्या, पण डंपचं पाणी न पोहोचलेल्या शेताशी. काकांच्या मातीचा पीएच साडेपाचच्या खाली आला, मामांच्या मधल्या कुणग्यांचाही जवळपास तेवढाच. मामांना हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे खाणीचा दोष नाही?" आंबटपणाचा नाही, म्हटलं. अजून खाली जायचंय.

खालच्या शेतात गेलो तर पाय वाजला. भाताच्या शेतात मे महिन्यात भेगा असतात, ढेकळं असतात. इथे वाळलेल्या अंगणासारखा सपाट कडक थर. ऑगर फिरेना. दादाने पिकास आणलं आणि मी नियम बाजूला ठेवला. पंधरा सेंटिमीटरची चकती घेऊन काय करणार, आधी आत काय आहे ते तरी बघू. गुडघाभर खोल, हातभर रुंद खड्डा काढला आणि एक बाजू खुरप्याने साफ केली.

वरचा थर सरळ वीतभर. जांभळट लाल, रवाळ नाही, टाल्कम पावडरसारखा. नीट बघितलं तर त्यात पातळ पट्टे: एक जाड, दोन बारीक, पुन्हा एक जाड. बहुतेक एकेका पावसाळ्याचे. पट्ट्यांना हात लावला तर बोटं जी रंगली ती दोन दिवस साबणाने गेली नाहीत. हेमेटाइटची, म्हणजे लोहखनिजाची भुकटी अशीच चिकटते. पिशवीत भरल्यावर वजनही फसवं. बाकीच्या नमुन्यांएवढीच माती, पण हाताला चांगली जड. आणि त्या वीतभर थराखाली, सुरीने कापल्यासारखी रेघ, आणि रेघेखाली करडी-काळी माती. तिच्यात भाताच्या मुळांच्या जुन्या वाटा, त्यांच्याभोवती गंजाचे बारीक ठिपके. वर्षानुवर्षं पाणी धरलेल्या भातशेतीची माती अशीच दिसते.

मामा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी खालची माती उचलली, बोटांनी दाबली, वास घेतला. "पळय," ते दादाला म्हणाले, "ही आजोबाची."

मी पिशव्यांवर दोन वेगळे क्रमांक टाकले, गाळ आणि गाळाखालची. खड्ड्यातली सगळी माती मिसळून घेतली असती तर दोन्हींची सरासरी आली असती, आणि तशी माती त्या शेतात कुठेच नाही.

दुपारी उकड्या तांदळाची पेज, सुक्या बांगड्याची किसमूर आणि तोराचं लोणचं. झोपलो तो साडेचारला उठलो. नमुने सावलीत कागदावर पसरले; मांजर एकावर बसलं, तो नमुना पुन्हा घ्यावा लागला.

तिसरा दिवस

आज पाणी. नायट्रिक आम्ल एसटीतून आणता येत नाही, म्हणून म्हापशाच्या कॉलेजात शिकवणारा मित्र एक छोटी कुपी घेऊन डिचोलीच्या बाजारात भेटला. बर्फ मासळीवाल्या बाईंकडून घेतला. "कसला मासा?" त्यांनी विचारलं. पाणी, म्हटलं. त्यांनी दहा रुपये कमी घेतले, कीव आली असावी.

मामांकडे पाण्याच्या तीन जागा: घरामागची विहीर, शेताच्या कडेची जुनी विहीर आणि 2009 मधली बोअर. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस पटकन पितो. त्याखाली शेडीचा चिकट थर पाणी धरून ठेवतो. उथळ विहिरी त्यावर जगतात. याच्याही खाली खनिजाचा भुसभुशीत थर स्वतःच पाण्याचं कोठार असतो. खाण खोल गेली की ती त्या कोठारालाच भोक पाडते, मग खाणीतलं पाणी पंपाने उपसावं लागतं आणि भोवतालच्या विहिरी उतरतात. शेताकडची विहीर तेजीच्या वर्षांत मार्चमध्येच तळ दाखवायची, टँकर यायचा. खाण थांबल्यावर दोन-तीन पावसाळ्यांनी पाणी पुन्हा टिकायला लागलं, असं मामी सांगते. पाणी परत आलं ते मात्र पिवळं होऊन.

बोअर पंधरा मिनिटं चालवून ठेवली, पीएच आणि ईसी स्थिर झाल्यावर बाटली भरली. पाइपात साठलेलं पाणी म्हणजे पाइपाचं पाणी, जमिनीचं नव्हे. धातूंसाठीचं पाणी तिथेच सिरिंजला बारीक फिल्टर लावून गाळलं आणि लगेच आम्लाचे थेंब टाकले, म्हणजे लोह तळाला बसत नाही. नायट्रेटची बाटली वेगळी, आम्लाशिवाय.

शेताकडच्या विहिरीवर तेलासारखा तवंग होता, ऊन पडलं की सप्तरंगी. मामांची बारा वर्षांची तक्रार तीच: ट्रकांचं डिझेल मुरलं. मी एक काठी घेतली आणि तवंगात हळूच फिरवली. तो काचेसारखा तुटला, तुकडे वेगळे राहिले. डिझेलचा असता तर काठी काढताच पुन्हा जुळला असता. हे लोहावर जगणारे जीवाणू. डिझेल नाही म्हटल्यावर मामांचा चेहरा पडला. माणूस बारा वर्षं एका गोष्टीवर रागावलेला असतो आणि पुतण्या-भाचा येऊन काठीने ती मोडतो.

घरच्या विहिरीचं पाणी नितळ. तरीही हायड्रोजन सल्फाइड चाचणीची एक छोटी बाटली तिथल्या पाण्याने भरली आणि मामीच्या फडताळात मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवली. दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर विष्ठेतले जीवाणू असण्याची शक्यता. मामीने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळदीचा डबा दुसऱ्या फळीवर हलवला.

चारच्या सुमारास वळीव आला. मी छत्री न घेता व्हाळाकडे पळालो, कारण असा नमुना ठरवून मिळत नाही. पहिली दहा मिनिटं व्हाळ कोरडाच. मग वरून आवाज आला आणि गेरू कालवल्यासारखं पाणी, फेस घेऊन, आलं. पलीकडच्या अंगाने काकांच्या शेतावरून येणारी घळही वाहत होती. तिचं पाणी मातकट, चहासारखं. दोन पाणी संगमाला काही अंतर एकमेकांत न मिसळता शेजारी-शेजारी वाहिली. दोन्हींच्या लिटरभर बाटल्या भरल्या आणि रात्री खिडकीत ठेवल्या. सकाळी एकीच्या तळाला अर्धं बोट गाळ होता, दुसरीच्या तळाला नखाएवढा. प्रयोगशाळेत जायच्या आधीच मामांना जे पटायचं ते पटलं.

चौथा दिवस

दादाच्या मोटारसायकलवर मये, चोडण, तिथून फेरीने रायबंदर आणि जुनं गोवं. चोडणला फेरीची वाट बघताना खाजन, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या बांधावर टेकलो. इथली भीती वेगळीच: बांध फुटला किंवा मानशीचं, म्हणजे बांधातलं पाणी अडवायचं दार बिघडलं की खारं पाणी आत. गंमत म्हणून एका डबक्यात ईसी मीटर बुडवला. काटा मामांच्या विहिरीच्या कैक पट वर. कोरगुटसारखं भात ते सोसतं. आमच्या डोंगराकडच्या भाताला ते सोसणार नाही. समोरून पूर्वी खनिजाच्या बार्जेस ओळीने जायच्या. आज एकच गेली, दादाने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत मातीबद्दल बोलणं झालं. पाणी धातूंच्या तपासणीसाठी एका दुसऱ्या प्रयोगशाळेत दिलं. तिथे फॉर्ममध्ये "नमुन्याचा प्रकार" या रकान्यात फक्त पिण्याचे आणि सांडपाणी असे दोनच पर्याय होते. विहीर, जिचं पाणी शेताला जातं आणि उन्हाळ्यात प्यायलंही जातं, ती कुठे बसवायची यावर काउंटरवर वीस मिनिटं गेली. शेवटी "पिण्याचे" लिहिलं.

पाचवा दिवस

सकाळी मामीच्या हाकेने जाग आली. फडताळातली बाटली काळीकुट्ट.

शोषखड्डा विहिरीपासून बारा पावलांवर आहे, आणि वरच्या अंगाला. जांभ्यातून पाणी चाळणीतून जावं तसं जातं. ही चाचणी शेवटचा शब्द नाही, क्वचित दुसऱ्या जीवाणूंनीही रंग येतो, पण खड्ड्याची जागा बघितल्यावर मी शंका घेतली नाही. पाणी उकळून प्या, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, आणि शोषखड्डा हलवा, एवढं सांगितलं. मामी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चहा काळा म्हणून मी परवापासून शेतातल्या विहिरीचं पाणी सोडलं आणि हे धरलं."

बसच्या आधी दादासोबत डंपच्या पायथ्याला गेलो. वर ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड, खाली जांभ्याची भिंत आणि गाळ अडवायचा खड्डा. खड्डा काठोकाठ भरलेला, मागच्या पावसाळ्याच्या गाळाने. त्यावर गवत उगवलेलं. पावसाळा दोन आठवड्यांवर.

पाण्याचा आणि मातीचा अहवाल तीन आठवड्यांनी हातात आला. शिसं आणि आर्सेनिक मोजण्याइतकं सापडलं नाही. शेताकडच्या विहिरीत मँगनीज मात्र लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या, म्हणजे दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायच्या मर्यादेच्या वर. लोह तर चहाने आधीच सांगितलं होतं. ती विहीर पिण्यासाठी नको, शेताला चालेल. गाळात लोह काकांच्या मातीच्या कितीतरी पट. आजोबांच्या थरात जवळजवळ काकांच्या मातीएवढंच. पाणी तुंबलं की मातीतलं लोह विरघळून भाताच्या मुळांवर तपकिरी कवच चढवतं, पानं तांबूस पडतात, स्फुरद लोहाला बांधलं जाऊन पिकाला मिळत नाही. मधल्या कुणग्यांना चुना, शेणखत आणि हंगामात एकदा पाणी सोडून माती श्वास घेऊ देणं पुरेल, असं मी कळवलं. खालच्या शेतातला गाळ मात्र खरवडून काढावा लागेल.

दादाने लगेच फोन केला. टिपर अजून चालू स्थितीत आहे, जेसीबी मित्राचा आहे, चार दिवसांत वीतभर थर निघेल. मग थोडं थांबून त्याने विचारलं, "पण काढून टाकू कुठे?" मी कालनिर्णयवरचा नकाशा समोर घेतला. टिपर जाईल अशा जागा दोनच होत्या, एक व्हाळाच्या काठाला आणि एक काकांच्या शेताच्या वर.